निकी लाउडाने फुजीला कच खाल्ली का?

गिअरबॉक्स
गेले काही महिने फॉर्म्युला वनच्या जुन्या शर्यती बघायचं वेड लागलंय. परवा १९७६ चा मोसम संपवला आणि तेव्हापासून डोक्यात एक किडा वळवळतोय.

२४ ऑक्टोबर १९७६, जपानमधलं फुजी, मोसमातली शेवटची शर्यत. फेरारीचा निकी लाउडा ६८ गुणांवर, मॅक्लारेनचा जेम्स हंट ६५ वर. धो धो पाऊस, वर धुकं. शर्यत घ्यायची की नाही यावर नुसता घोळ. शेवटी उजेड जायच्या आत उरकू म्हणून हिरवा कंदील. लाउडा दोन फेऱ्या मारतो, गाडी पिटमध्ये (टीमच्या थांब्यावर) आणतो आणि उतरतो. इंजिन ठणठणीत, टायर ठणठणीत. हंट तिसरा येतो, चार गुण कमावतो आणि ६९-६८ असा जगज्जेता होतो.

बारा आठवड्यांपूर्वी हा माणूस जर्मनीतल्या नुर्बुर्गरिंगला पेटलेल्या गाडीत अडकला होता, माहीत आहे. पण सहाच आठवड्यांत तो इटलीतल्या मोन्झाला पुन्हा गाडीत बसलाही होता की! तिथे नाही घाबरला, मग फुजीलाच काय झालं? हळूहळू चालवत राहिला असता तरी एखाद-दोन गुण पदरात पडले असते. माझं प्रामाणिक मत: ऐन वेळी कच खाल्ली. तुम्हाला काय वाटतं?

अर्धवटराव
गड गेला पण सिंह वाचला. धागा संपला, चला घरी.

पिटलेन
अर्धवटराव, एवढ्यात नाही संपत.

गिअरबॉक्स, तुम्ही गोष्ट फुजीपासून सुरू केलीत, ती १ ऑगस्टपासून सुरू करा. नुर्बुर्गरिंगची जुनी फेरी जवळजवळ २३ किलोमीटरची, जंगलातून जाणारी. एका टोकाला पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडं, हे तिथे नेहमीचंच. त्या फेरीवर सात मिनिटांच्या आत येणारा पहिला माणूस कोण? लाउडाच. १९७५ च्या पात्रता फेरीत, ६ मिनिटं ५८.६ सेकंद. म्हणजे ट्रॅक झेपत नव्हता म्हणून कुरकुरणाऱ्यातला तो नव्हे. तिथे सगळ्यांत जोरात पळणाराच सांगत होता की इथे गाडी पेटली तर मदत पोचेपर्यंत खेळ खलास. ७६ ला त्याने ड्रायव्हरांच्या बैठकीत शर्यतीवर बहिष्काराचा विषय काढला. मतदानात हरला. मग हेल्मेट चढवून मुकाट्याने रांगेत जाऊन उभा राहिला.

दुसऱ्याच फेरीत बेर्गवेर्क वळणाच्या अलीकडे फेरारी हातातून सुटली, कडेला धडकली, पेट घेऊन परत रस्त्यात आली आणि मागून येणारा ब्रेट लंगर तिच्यावर आदळला. पुढचं नीट वाचा. बाहेर काढलं ते बंबवाल्यांनी नाही, इतर ड्रायव्हरांनी. लंगर, गाय एडवर्ड्स, हराल्ड एर्टल आणि आर्तुरो मेर्झारिओ. मेर्झारिओने आगीत हात घालून पट्टा सोडवला. लाउडाचं हेल्मेट तोवर निघून गेलं होतं. चेहरा भाजला तो जगाला दिसला, पण जिवावर बेतलं होतं ते फुप्फुसात गेलेल्या विषारी धुराने. इस्पितळात पाद्री येऊन शेवटची प्रार्थनासुद्धा म्हणून गेला.

आता सांगा, 'धोका आहे' असं म्हणून बहुमतापुढे मान तुकवली त्याचं हे फळ मिळालेला माणूस फुजीला पुन्हा तेच करेल?

तिरसट
भावनिक प्रतिसाद. पाऊस सगळ्यांना सारखाच पडत होता. हंटच्या डोक्यावर कोणी छत्री धरली नव्हती. त्याचाही उजवा पाय तोच, ब्रेकही तेच. तो चालवत राहिला, जिंकला. खेळात शेवटी एवढंच बघतात.

आणि लाउडाचं जरा जास्तच कौतुक होतं. व्हिएन्नातल्या कागद कारखानदाराच्या घरातला पोरगा. पैसे होते म्हणून गाडीत बसला.

आकडेमोड
तिरसट, थोडी दुरुस्ती. फुजीला पावसामुळे गाडी सोडणारा लाउडा एकटा नव्हता. एमर्सन फिट्टिपाल्डीनेही सोडली, आणि तो तोवर दोनदा जगज्जेता झालेला होता. कार्लोस पाचे आणि लॅरी पर्किन्सनेही सोडली. त्या तिघांवर कच खाल्ल्याचा धागा कोणी काढत नाही, कारण त्यांचं काही पणाला लागलेलं नव्हतं.

गिअरबॉक्स, हिशोबापुरतं: हंटला चौथा नंबर पुरला असता. तीन गुण मिळून ६८-६८ झाले असते, आणि बरोबरी झाल्यावर जास्त विजय कोणाचे ते बघतात. हंटचे ६, लाउडाचे ५.

आणखी एक गंमत. शेवटी शेवटी हंटचा टायर गेला, पिटमध्ये यावं लागलं, तो पाचवा झाला. तिथून दोघांना मागे टाकून तिसरा. त्या दोघांतला एक होता क्ले रेगात्सोनी, म्हणजे लाउडाचा फेरारीतलाच जोडीदार! शर्यत संपल्यावर आपण जगज्जेते झालोय हे हंटला पटेना, तो टीमवर डाफरत होता.

जुना खोंड
"पैसे होते म्हणून गाडीत बसला". वा! घरचे पैसे मिळाले असते तर हे वाक्य खरं झालं असतं. आजोबा हान्स लाउडा बडं प्रस्थ, त्यांना नातवाचा हा उद्योग साफ नामंजूर. बँकेने कर्ज मंजूर केलं तर आजोबांनी आपलं वजन वापरून ते अडवलं. पोराने दुसरी बँक गाठली. तारण काय? स्वतःचा आयुर्विमा. म्हणजे मेलो तर बँकेचे पैसे वसूल, जगलो तर फेडतो. आजोबांशी संबंध तुटले ते तुटलेच.

आडनावाचा फायदा झाला नसेल असं म्हणत नाही. कफल्लकाच्या पोराला बँकेने दारातही उभं केलं नसतं. पण कर्ज काढून चालवणाऱ्याला आपल्या जिवाची किंमत आकड्यात माहीत असते, एवढं मात्र खरं.

टोपीवाला
लाल टोपीबद्दल कोणी कसं बोललं नाही अजून? भाजलेलं डोकं झाकायला टोपी घातली, आणि मग तिच्यावर कंपनीचं नाव लावून पैसे घ्यायला लागला. आपल्याकडे लोक दुसऱ्याला टोपी घालून पैसे काढतात. स्वतःला टोपी घालून दुसऱ्याकडून पैसे काढणारा हा एकच!

अर्धवटराव
@टोपीवाला :D शिर सलामत तो पगडी पचास. इथे दोन्ही सलामत.

पिटलेन
टोपी उतरवणं हाही प्रकार होता. म्हातारपणी मर्सिडीजच्या गोटात असताना एखादी फेरी किंवा शर्यत फारच आवडली की टोपी उचलायचा. लुईस हॅमिल्टनला मर्सिडीजमध्ये आणायला ज्यांनी मनधरणी केली त्यात लाउडा पुढे होता. २०१२ साली मॅक्लारेन सोडून तिकडे जाणं लोकांना वेडेपणा वाटला होता. लाउडा असेपर्यंतच हॅमिल्टनने तिथे चार जगज्जेतेपदं घेतली.

ट्रॉफ्यांचं ठाऊक आहे ना? घरात धूळ खात पडण्यापेक्षा म्हणून गॅरेजवाल्याला देऊन टाकल्या. मोबदल्यात गाडी फुकट धुऊन मिळायची.

तिरसट
ट्रॉफ्या देऊन गाडी धुऊन घेणारा माणूस मला पहिल्यांदा आवडला. फुजीबद्दलचं मत मात्र तेच.

हँगर_तीन
विषय थोडा बदलतोय, पण माझ्या मते लाउडा समजून घ्यायचा तर रेसिंगपेक्षा विमानातला बघा. मी विमान देखभालीत सत्तावीस वर्षं काढली, म्हणून हे जवळचं.

१९७९ मध्ये मॉन्ट्रियलला सरावाच्या मधेच तो गाडीतून उतरला. गोल गोल फिरायचा कंटाळा आला, म्हणाला. आणि स्वतःची विमान कंपनी चालवायला गेला. लाउडा एअर. स्वतः वैमानिकाचा परवाना काढून जेट उडवायचा.

२६ मे १९९१. बँकॉकहून व्हिएन्नाला निघालेलं त्यांचं बोइंग ७६७ उड्डाणानंतर पंधराएक मिनिटांत थायलंडच्या जंगलात कोसळलं. २२३ जण गेले, एकही वाचला नाही. कारण: डाव्या इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर हवेतच उघडला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, विमान धावपट्टीवर टेकल्यावर इंजिनाचा झोत पुढच्या दिशेला वळवून वेग मारायची ही सोय. जमिनीवर ती उघडताना हँगरमध्ये ऐकली आहे, आधी धप्प आवाज आणि मग अंगावर येणारा गरम वारा. हेच हजारो फूट उंचीवर, एकाच बाजूला, पूर्ण जोरात असताना झालं तर काय होईल याची कल्पना करा.

लाउडा स्वतः त्या जंगलात गेला. अवशेष, प्रेतं, सगळं डोळ्यांनी बघितलं. नंतर ७६७ च्या सिम्युलेटरमध्ये बसून तोच प्रसंग पुन्हा पुन्हा उडवून बघितला. दर वेळी विमान गेलं. वैमानिकाच्या हातात काही नव्हतंच. बोइंगला हे जाहीरपणे म्हणायचं नव्हतं. तेव्हा त्याने सांगितलं, एवढी खात्री असेल तर खरं ७६७ द्या, मी बसतो, हवेत रिव्हर्सर उघडून दाखवा. मग मात्र बोइंगने निवेदन काढलं की ही परिस्थिती सावरता येण्यासारखी नव्हती. पुढे रिव्हर्सरला जादा कुलूप बसवायचं ठरलं. ते कुलूप मी माझ्या हाताने तपासलेलं आहे, शेकडो वेळा.

त्याचं म्हणणं साधं होतं: शर्यतीत मी मेलो तर तो माझा प्रश्न, पण माझ्या विमानाचं तिकीट काढणाऱ्याने परत यायच्या भरवशावर काढलेलं असतं.

जुना खोंड
@हँगर_तीन, दंडवत. जादा कुलपाची गोष्ट माहीत नव्हती.

ढवळ्या
मी पण एकदा मुसळधार पावसात रात्री गाडी बाजूला घेऊन उभा राहिलो होतो. मागे बसलेले मेव्हणे तीन तास "लोक जातायत की, तुम्हालाच काय धाड भरलीये" म्हणत होते. जगज्जेतेपद गेलं नाही, पण सासुरवाडीत अजून ऐकवतात.

गिअरबॉक्स
ढवळ्या, हसून हसून मेलो.

हँगर_तीन, तुमच्या प्रतिसादाने डोकं जड झालं. पण मूळ प्रश्नाचं उत्तर यातून मिळतं का? मोन्झाला का गेला मग? त्या वेळी तर जखमाही ओल्या होत्या.

आकडेमोड
मोन्झाला चौथा आला होता. मधल्या फक्त दोन शर्यती चुकल्या, ऑस्ट्रिया आणि नेदरलँड्स. फेरारीने तोवर कार्लोस रॉयटेमानला उभं केलं होतं, म्हणजे खुर्ची जायची वेळ आली होती.

तो मोन्झाला घाबरला नव्हता हेही खरं नाही. नंतर त्याने स्वतःच कबूल केलंय की पहिल्या दिवशी भीतीने तो गारठून गेला होता. पत्रकारांना मात्र तेव्हा सगळं छान आहे असं सांगितलं.

आता माझा लाडका आकडा. १९८४. लाउडा निवृत्तीतून परत आलेला, मॅक्लारेनमध्ये जोडीदार अलाँ प्रॉस्ट, वयाने लहान आणि वेगाने सरस. त्या मोसमात प्रॉस्टचे ७ विजय, लाउडाचे ५. लाउडाने पूर्ण मोसमात एकदाही पोल, म्हणजे सुरुवातीची पहिली जागा, घेतली नाही. एस्टोरिलच्या शेवटच्या शर्यतीत तो अकराव्या जागेवरून निघाला, दुसरा आला आणि ७२ विरुद्ध ७१.५ असा जगज्जेता झाला. अर्धा गुण!

हा अर्धा आला कुठून? मोनॅको. पावसामुळे तिथली शर्यत मधेच थांबवली, पहिल्या आलेल्या प्रॉस्टला नऊऐवजी साडेचार मिळाले. पूर्ण होऊ दिली असती आणि मागून झपाट्याने येणाऱ्या नवख्या सेन्नाने त्याला गाठून प्रॉस्ट दुसरा आला असता, तरी सहा गुण मिळाले असते. म्हणजे ७३. म्हणजे जगज्जेता प्रॉस्ट.

७६ ला पाऊस होता आणि शर्यत घेतली, लाउडाचं एका गुणाने गेलं. ८४ ला पाऊस होता आणि शर्यत थांबवली, लाउडाचं अर्ध्या गुणाने आलं.

अर्धवटराव
आकडेमोड यांना इथेच पोडियमवर उभं करा. शॅम्पेन कोणाकडे आहे?

तिरसट
हा प्रतिसाद चांगला आहे, नाइलाजाने +१.

पण सुरक्षिततेचं सगळं श्रेय लाउडाच्या खात्यावर टाकू नका. पट्टे, अडथळे, डॉक्टर यासाठी त्याच्या कितीतरी आधी जॅकी स्टुअर्ट सगळ्यांच्या शिव्या खात भांडत होता. आणि नुर्बुर्गरिंगची जुनी फेरी लाउडामुळे बंद झाली असं सर्रास लिहितात. ती तशीही जायच्याच वाटेवर होती. इतक्या लांबच्या फेरीवर ना पुरेसे मार्शल उभे करता येत, ना कॅमेरे.

पिटलेन
हे मान्य. स्टुअर्ट मोहीम चालवणारा. लाउडा मोहीमवाला नव्हता, तो 'नाही' म्हणणारा होता. १९८२ ला दक्षिण आफ्रिकेत क्यालामीला सुपर लायसन्सच्या (फॉर्म्युला वन चालवायच्या परवान्याच्या) अटींवरून ड्रायव्हरांचा संप झाला, त्यात तो आणि दिदिए पिरोनी पुढे. सगळ्या ड्रायव्हरांना बसमध्ये घालून हॉटेलात नेलं आणि एका मोठ्या खोलीत गाद्या टाकून झोपवलं, कोणी फुटू नये म्हणून. एलिओ दे आंजेलिस पियानो वाजवत होता. निवृत्तीतून परत आलेल्या माणसाची ती पहिलीच शर्यत, आणि आल्या आल्या संप!

टोपीवाला
त्या २०१३ च्या 'रश' सिनेमात हंट आणि लाउडा एकमेकांना पाण्यात बघताना दाखवलेत ते कितपत खरं?

जुना खोंड
मीठमसाला. खालच्या फॉर्म्युल्यांत धडपडत होते तेव्हापासूनचे मित्र ते. ट्रॅकवर चुरस होतीच, पण वैर नाही. हंट १९९३ साली ४५ व्या वर्षी हृदयविकाराने गेला. ज्याच्या कानाशी पाद्री प्रार्थना म्हणून गेला तो त्याच्यामागे पंचवीस-सव्वीस वर्षं जगला.

वाचनमात्र
नावाप्रमाणे मी फक्त वाचते, आज पहिल्यांदा लिहितेय. मला रेसिंगमधलं काही कळत नाही. माझ्या भावाने मला मूत्रपिंड दिलंय, म्हणून या माणसाचं नाव माहीत. १९९७ साली त्याला त्याच्या भावाने, फ्लोरियनने दिलं. ते पुढे निकामी झाल्यावर २००५ मध्ये त्याच्या मैत्रिणीने, बिर्गिटने दिलं, मग तिच्याशीच लग्न केलं. २०१८ मध्ये फुप्फुसांचं प्रत्यारोपण, आणि २० मे २०१९ ला गेला.

माझ्या ऑपरेशननंतर मी पहिल्यांदा भावासमोर बसले तेव्हा 'थँक्यू' म्हणता येईना, म्हणून त्याच्या शर्टाचं बटण तुटलंय एवढंच म्हणाले. असो. तुमचं चालू द्या.

हँगर_तीन
वाचनमात्र, लिहीत राहा.

सदाफुली
सगळं वाचून झालं, आता मूळ प्रश्नाकडे येते. मी जळीत विभागात परिचारिका होते. इथे सगळे धैर्याबद्दल बोलतायत, पापण्यांबद्दल कोणीच नाही.

चेहरा खोल भाजला की बरी होणारी कातडी आवळत जाते. पापणी वर-खाली ओढली जाते आणि पूर्ण मिटत नाही. रुग्णाला "डोळे मिटा" म्हटलं की तो मिटतो, म्हणजे त्याला वाटतं मिटले, पण खाली पांढऱ्याची एक चीर दिसत राहते. आम्ही रात्री मलम भरून ओला गॉज ठेवायचो, नाहीतर बुबुळ सुकतं. असा डोळा एकतर कोरडा पडून चुरचुरतो, नाहीतर अखंड गळतो. पंख्याचा वाराही सोसत नाही. लाउडाने नंतर पापण्यांची शस्त्रक्रिया करून घेतली ती डोळे नीट चालावेत म्हणून. चेहरा सुंदर करायला तो गेलाच नाही.

बारा आठवडे म्हणजे काहीच नाही हो. त्या अवस्थेत समोरच्या गाडीच्या चाकांचा फवारा, धुकं, आणि ताशी अडीचशेच्या पुढचा वेग. पाऊस सगळ्यांना सारखा पडत होता, पण पापणी सगळ्यांना सारखी नव्हती. मोन्झाला तो भीती गिळून चालवू शकला. न मिटणारा डोळा कसा गिळणार?

तिरसट
...

तिरसट
मागचा प्रतिसाद चुकून गेला नाही, तेवढंच म्हणायचं होतं.

पिटलेन
सदाफुली यांच्या प्रतिसादात एकच भर. फुजीला गाडी आणून उभी केली तेव्हा फेरारीचे मुख्य अभियंता माउरो फोर्गिएरी त्याला म्हणाले होते, आपण इंजिन बिघडलं असं सांगू. पळवाट आयती समोर होती. लाउडाने नको म्हटलं, खरं तेच सांगा. इटलीतल्या वर्तमानपत्रांनी नंतर सोलून काढलं. पुढच्याच वर्षी त्याच फेरारीत पुन्हा जगज्जेता झाला, वॉटकिन्स ग्लेनला विजेतेपद पक्कं केलं आणि उरलेल्या दोन शर्यती न खेळता टीम सोडून गेला.

गिअरबॉक्स
काल रात्री फुजीची सुरुवात पुन्हा बघितली. पहिल्या गाडीमागे नुसती पांढरी भिंत आहे, तिच्यात मागचं काहीच दिसत नाही. मागच्या वेळी मी हे बघून "काय भारी दृश्य" म्हणालो होतो.

सदाफुली, पापणीचं डोक्यातच आलं नव्हतं. 'कच खाल्ली' हा शब्द मी मागे घेतो. धाग्याचं शीर्षक आता बदलता येतं का? काहीतरी साधं टाकतो, 'लाउडा आणि फुजी' वगैरे.

जुना खोंड
राहू दे. इंजिन बिघडलं असं सांगायचं नसतं.